सुरजागडचे लोखंड: बोलले जाते ते आणि खरे ते

गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरी, आलापल्ली, एटापल्ली या पट्ट्यात सुरजागडच्या लोहखनिजाबद्दल प्रत्येकाचे मत ठरलेले आहे. कोणाला त्यात जिल्ह्याचे भाग्य दिसते, कोणाला सर्वनाश. मत काहीही असो, ते ज्या माहितीवर उभे असते तिच्यात बरेच चुकीचे असते, आणि या चुकीचा तोटा खाणीशेजारी राहणाऱ्यांनाच सोसावा लागतो.

लोखंड जमिनीत आहे म्हटल्यावर कारखाने येणारच, हे सर्वात जुने गृहीतक. शेजारच्या चंद्रपूरच्या इतिहासाने ते एकदा खोटे ठरवले आहे. 1882 मध्ये जमशेटजी टाटांच्या हाती एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या लोहारा गावाजवळ उत्तम लोहखनिज आहे आणि वरोऱ्याची कोळसा खाणही तिथून फार लांब नाही, असे त्यात म्हटले होते. पोलादाचा कारखाना इथेच उभा राहील अशी चिन्हे होती. पण वरोऱ्याचा कोळसा चाचणीत टिकला नाही. झोतभट्टीला कोक लागतो आणि त्या कोळशापासून चांगला कोक होत नव्हता. खाणपट्ट्यांच्या तेव्हाच्या सरकारी अटीही जाचक होत्या. टाटांचा कारखाना अखेर साकचीला, आजच्या जमशेदपूरला झाला. आज कोकविना, साध्या कोळशावर स्पंज आयर्न तयार करता येते. घुग्घुससारख्या ठिकाणी असे कारखाने चालतात ते या तंत्रामुळे. खनिज जागच्या जागीच होते. ते वापरण्याजोगे झाले ते कोळसा, पाणी, रस्ता, तंत्र आणि बाजारभाव यांचे गणित जुळल्यावर. हे गणित बदलले की खाणीचे दिवसही बदलतात.

म्हणून ‘खाण आली, आता पिढ्यान्‌पिढ्यांची ददात मिटली’ हेही खरे नाही. वरोऱ्याची कोळसा खाण 1871 च्या सुमारास सुरू झाली आणि 1906 मध्ये बंद पडली. जेमतेम पस्तीस वर्षे. सुरजागडचा 348.09 हेक्टरचा खाणपट्टा 2007 मध्ये लॉइड्स मेटल्स या कंपनीला मिळाला आणि खाण व खनिज कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीमुळे त्याची मुदत 2057 पर्यंत आहे. आज जन्मलेले मूल ऐन तिशीत असताना ती संपेल. उत्पादन जितके वाढेल तितका साठा लवकर सरेल. 2023 मध्ये परवानगी वर्षाला 30 लाख टनांवरून 1 कोटी टनांवर गेली. 25 टनांचा एक ट्रक धरला तर एवढ्या खनिजासाठी रोज जवळपास अकराशे भरलेले ट्रक निघतील आणि तितकेच रिकामे परत येतील.

आता पैशाचा प्रश्न. ‘रॉयल्टी गावाला मिळते’ असे सर्रास बोलले जाते. रॉयल्टी राज्य सरकारच्या तिजोरीत जाते. लोहखनिजावर ती सरासरी विक्रीमूल्याच्या 15 टक्के आहे. बाधित भागासाठी जो पैसा आहे तो वेगळा. 2015 च्या त्याच दुरुस्तीने प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले आणि खाणमालकाने रॉयल्टीखेरीज त्यात भर घालायची असे ठरले. 12 जानेवारी 2015 पूर्वीच्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या 30 टक्के, नंतरच्यांना 10 टक्के. म्हणजे जुन्या सुरजागड खाणीतून 100 रुपये सरासरी मूल्याचे खनिज निघाले, तर 15 रुपये राज्याला आणि साडेचार रुपये प्रतिष्ठानला.

इथे एक बारीक गोष्ट आहे, तिची चर्चा व्हायला हवी. सुरजागडच्या टापूतल्या आणखी सहा पट्ट्यांचा 2023 मध्ये लिलाव झाला. त्या खाणी चालू होतील तेव्हा त्यांना 10 टक्क्यांचा दर लागेल, म्हणजे त्याच 100 रुपयांमागे प्रतिष्ठानला दीडच रुपया. लिलावात बोललेली मोठी रक्कम राज्याला मिळते, जिल्ह्याला आपोआप नाही. खाणी वाढल्या की गावांचा निधी त्याच पटीत वाढेल, असे धरून चालणाऱ्यांनी हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. मला तो अन्यायाचा वाटतो. धूळ, ट्रक आणि गढूळ नाले नव्या खाणीच्या शेजाऱ्यांना काही एक तृतीयांशच सोसावे लागणार नाहीत.

‘सगळी खाण 348 हेक्टरांतच आहे, जिल्ह्याच्या जंगलापुढे ती किती?’ हा युक्तिवाद आकड्यांपुरता बरोबर दिसतो, कारण गडचिरोलीचा जवळपास 70 टक्के भूभाग वनाच्छादित आहे. पण खाणीला रस्ते लागतात, माती-दगड टाकायला जागा लागते, खनिज धुऊन त्याची प्रत वाढवणारा प्रकल्प लागतो. अशाच एका प्रकल्पासाठी एटापल्ली तालुक्यातली 900 हेक्टरांहून अधिक वनजमीन वळवायला 2025 मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली. मूळ खाणपट्ट्याच्या अडीच पटींहून जास्त. खाणीजवळच्या हेडरीहून कोनसरीच्या कारखान्यापर्यंत खनिजाचा गाळ वाहून नेणारी नळवाहिनी झाली. तिने रस्त्यावरचे ट्रक आणि धूळ घटते, हा फायदा खराच आहे. पण खनिज नळीतून न्यायचे तर आधी ते दळून पाण्यात कालवावे लागते, आणि प्रत वाढवल्यावर उरलेला बारीक लाल गाळ कुठेतरी बांध घालून वर्षानुवर्षे सांभाळावा लागतो. या जिल्ह्याचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला त्या बांधाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात दुसरीकडे झाडे लावतात, मग नुकसान कसले, असेही विचारतात. कायद्याने भरपाई वनीकरण करावे लागते, जंगलाचे मूल्य म्हणून पैसेही भरावे लागतात. पण मोहाच्या झाडाला फुले धरायला आठ-दहा वर्षे जातात, आणि नवे रोपवन शंभर किलोमीटरवर असेल तर इथल्या बाईला त्या मोहाचा काय उपयोग? सामूहिक वनहक्क मिळालेल्या गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आज तेंदू आणि बांबू स्वतः विकतात. उन्हाळ्यात तेंदूच्या फळीवर हातात पडणारा पैसा, मोह, हिरडा, चराई, लोक पूजतात ती ठाकूरदेवाची पहाडी, यांतले काहीच वनीकरणाच्या तक्त्यात बसत नाही.

राहिला ग्रामसभेचा प्रश्न. त्यावर दोन टोकांचे गैरसमज आहेत. ‘पेसा लागू आहे, ग्रामसभेने नाही म्हटले की खाण बंद’ हे एक टोक. 1996 च्या पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या, कायद्यात खाणपट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस सक्तीची आहे ती मुरूम, रेती, दगड अशा गौण खनिजांसाठी. लोहखनिज हे प्रमुख खनिज, ते त्या कलमात येत नाही. ‘मग ग्रामसभेला विचारतोच कोण’ हे दुसरे टोक, आणि तेही चूक. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचे हक्क मान्य करण्याची प्रक्रिया ग्रामसभेच्या हाती दिली. याच कायद्याच्या आधारे 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरीचा प्रश्न ग्रामसभांपुढे पाठवला. बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण नाकारली आणि ती झाली नाही.

त्यामुळे खाणीला विरोध म्हणजे नक्षलवाद्यांना साथ, हे समीकरण मला मान्य नाही. डिसेंबर 2016 मध्ये सुरजागडला नक्षलवाद्यांनी खाणीच्या कामावरची सुमारे 80 वाहने जाळली, तो हिंसाचार होता. 2023 मध्ये तोडगट्टा गावात अनेक ग्रामसभांचे लोक खाणींविरोधात महिनोन्‌महिने धरणे धरून बसले, ते घटनेने दिलेल्या हक्काने. दोन्ही एका मापाने मोजले तर कायद्याने बोलणाऱ्याला बोलायला जागाच उरत नाही. कायद्याने बोलण्याची अशी एक जागा म्हणजे जनसुनावणी. ती प्रकल्पाच्या ठिकाणी किंवा अगदी जवळ घ्यावी असे पर्यावरण अधिसूचना सांगते. ऑक्टोबर 2022 मध्ये उत्पादनवाढीची सुनावणी झाली ती गडचिरोलीला, खाणीपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर. मजुरी बुडवून, बस धरून तिथे किती माडिया आदिवासी माणसे पोचू शकत होती?

ज्या अधिकारांची फारशी वाच्यता होत नाही, ते मात्र आजही वापरता येतात. प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या नियमांनुसार अनुसूचित क्षेत्रात जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून घ्यायच्या कामांना ग्रामसभेची मंजुरी लागते, आणि वर्ष संपले की गावात काय काम झाले याचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्या की नाही याचा अहवाल खाणचालकाने दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो, 1 जून आणि 1 डिसेंबरला. मंजुरीपत्राची प्रत ग्रामपंचायतीला देणेही बंधनकारक आहे. ती आपल्या पंचायतीच्या कपाटात आहे का, हे पुढच्या सभेत विचारता येईल.