पाथरी कुंडीत लावा

युरोप-अमेरिकेत डँडेलियन हे हिरवळीवरचे तण समजून उपटले जाते, आणि त्याचीच कोवळी पाने तिथे आवडीने खाल्लीही जातात. पाने कसदार आहेत यात शंका नाही. १०० ग्रॅम कच्च्या पानांत सुमारे १८७ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ३ मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे कॅल्शियम पालकाच्या जवळजवळ दुप्पट. पण हे झाड थंड हवेचे. विदर्भातल्या बुटीबोरीत मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. दिवाळीनंतर पेरलेले डँडेलियन थंडीत तग धरेल, उन्हाळ्यात मात्र करपेल. अशा पानांसाठी परदेशी बियाणे मागवण्याची गरजच नाही, कारण त्याच कुळातली पाथरी आपल्या बांधावर आपणहून उगवते. जमिनीलगत पसरलेली दातेरी पाने, पिवळे फूल, पान मोडताच देठातून येणारा पांढरा चीक आणि वाऱ्यावर उडणाऱ्या म्हाताऱ्या, सगळी लक्षणे नात्याची. चव तशीच कडसर.

पाथरी फुकट मिळते तर लावायची कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पन्नास वर्षांपूर्वी त्याला उत्तर देणे अवघड गेले असते. आज बुटीबोरी ही विदर्भातली मोठी औद्योगिक वसाहत आहे, शेजारून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो आणि भोवती कपाशी-सोयाबीनची शेती आहे. पालेभाज्या जमिनीतले कॅडमियमसारखे जड धातू सहज शोषून घेतात. पानावर बसलेली धूळ धुतल्याने बरीचशी निघते, पण मुळावाटे आत गेलेले धातू कितीही धुतले तरी निघत नाहीत. बांधावर तणनाशक मारले असेल, तर फवारणीनंतर काही दिवस पाथरी हिरवीगारच दिसते आणि खुडणाऱ्याला पत्ताही लागत नाही. कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवांमुळे या भाज्यांना पुन्हा मान मिळाला हे फार चांगले झाले. पण भाजी रानातली आहे एवढ्यावरून ती निर्मळ ठरत नाही, ती कोणत्या मातीतली हे पाहायलाच हवे. घरच्या कुंडीत तेवढे तरी आपल्या हातात राहते.

लावणे सोपे आहे. मूळ सोटासारखे खोल जाते, म्हणून कुंडी फूटभर खोल घ्यावी. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की तडकते, तेव्हा तिच्यात रेती आणि कुजलेले शेणखत मिसळावे. कारखान्याच्या किंवा हमरस्त्याच्या कडेची माती घेऊ नये. पिकलेल्या फुलांतल्या म्हाताऱ्या मातीवर पसरून वरवर दाबल्या की पुरे. खुडताना बाहेरची पाने घ्यावीत, मधला कोंब राखावा. फूल आले आणि ऊन वाढले की पाने जास्त कडू होतात, म्हणून भाजी कोवळी असतानाच करावी.

कडूपणामुळे मुले खात नाहीत, ही तक्रारही खरी. त्यासाठी पाथरी एकटी न शिजवता भिजवलेली मूगडाळ, भरपूर लसूण आणि हिरवी मिरची घालून परतावी, किंवा कच्ची पाने बारीक चिरून कांदा आणि दाण्याच्या कुटात कालवावीत. सोबत ज्वारीची भाकरी. डँडेलियनचे आकडे जसेच्या तसे पाथरीला लावणे मात्र चूक ठरेल आणि तिला औषध म्हणून मिरवणेही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तो एका भाजीने जाणार नाही, पण रोजच्या ताटात ताजा हिरवा पाला असलेला बरा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी कुठलाही पाला एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. चीक असलेली प्रत्येक वनस्पती पाथरी नसते, काही विषारीही असतात. म्हणून पहिले रोप गावातल्या जाणत्या बाईकडून ओळखून घ्या, आणि येत्या पावसाळ्यात एक कुंडी तिच्यासाठी मोकळी ठेवा.