बटणाने बोटाला पावती द्यावी

शेतकरी बंधूंनो, समजा तुमचा गट नंबर ११७ आहे. अर्ज भरताना कीबोर्डवरचं १ चं बटण एकदा जास्त उमटलं तर ११७ चा १११७ होतो. एकदा कमी उमटलं तर १७ होतो. १११७ नंबरचा गट गावात बहुधा नसतोच, म्हणून ती चूक लवकर सापडते. पण १७ नंबरचा गट असतो, आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर असतो. मग अर्ज अडकतो, आणि तलाठी कार्यालय ते तालुका अशा तुमच्या फेऱ्या सुरू होतात.

आधार क्रमांकाचं तसं नाही. त्याच्या १२ आकड्यांपैकी शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. मधला एखादा आकडा चुकला तर हिशेब जुळत नाही आणि संगणकाला चूक पकडता येते. गट नंबर, क्षेत्राचे हेक्टर-आर यांच्यावर असा राखणदार बसवलेला नाही. तिथं सगळी भिस्त टाइप करणाऱ्याच्या डोळ्यांवर आणि बोटांवर. डोळ्यांनी तपासा हे आपण नेहमी सांगतो. आज बोटाची गोष्ट बघू.

बाजार समितीत माल उतरवला आणि हातात पावती पडली की जीव भांड्यात पडतो. बटण दाबल्यावर बोटालाही अशीच पावती लागते. ‘दाबलं गेलं, आता पुढचं दाब,’ एवढाच तिचा मजकूर. ही पावती नीट मिळाली नाही की माणूस तेच बटण पुन्हा दाबतो, नाहीतर अर्धवट दाबून पुढं जातो. बटण बनवणाऱ्यांनी या एका पावतीसाठी बरीच डोकेफोड केलेली आहे.

पालथी रबरी वाटी

ग्रामपंचायतीत, सोसायटीत, सेवा केंद्रात दिसणाऱ्या स्वस्त कीबोर्डात बहुधा प्रत्येक बटणाखाली रबराची एक छोटी पालथी वाटी असते. वाटीखाली प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर विजेच्या वाटा छापलेल्या, मधल्याला भोकं पाडलेली. बटण दाबलं की वाटी बसते, वरचा पापुद्रा भोकातून खालच्याला टेकतो आणि संगणकाला अक्षर कळतं. बोट उचललं की वाटी परत उभी राहते आणि बटणाला वर ढकलते.

खरी करामत त्या वाटीच्या तिरक्या, पातळ भिंतीत आहे. शिवणयंत्राला तेल घालायची पत्र्याची कुपी आठवा. तिचा तळ अंगठ्याने दाबला की आधी तो विरोध करतो आणि मग एकदम ‘टक्’ करून आत बसतो. रबरी वाटीचं तसंच. सुरुवातीला जोर वाढत जातो, एका ठिकाणी भिंत दुमडते आणि विरोध अचानक कमी होतो. जोर असा एकदम कमी होणं म्हणजेच बोटाची पावती. किती जोर लागतो? साधारण ५० ते ६० ग्रॅम. मध्यम आकाराचं लिंबू बटणावर ठेवलं तर जेवढा भार पडेल, तेवढाच.

आता भिंत किती जाड ठेवायची, हा प्रश्न. जाड ठेवली तर बटण कडक होतं आणि दिवसभर टाइप करणाऱ्याची बोटं भरून येतात. फार पातळ ठेवली तर नुसता हात टेकला तरी अक्षर उमटतं, आणि रबर लवकर थकतं. भिंत कमी-जास्त तिरकी केली की ‘टक्’ ठळक किंवा मऊ होतो. शिवाय वाटी बसणं आणि विजेच्या वाटा जुळणं लागोपाठच व्हायला हवं. त्यात धूळ शिरली तर वाटी बसते, बोटाला पावती मिळते, पण अक्षर उमटतच नाही. ही झाली खोटी पावती, आणि ११७ चे १७ असेच होतात.

उलटी चूकही होते. विजेचे दोन भाग एकमेकांना टेकताना किंचित उसळतात, जसा चेंडू जमिनीवर पडून उसळतो. हा खेळ सेकंदाच्या काही हजाराव्या भागाचा असतो. कीबोर्डातली चिप तेवढा वेळ थांबून एकच अक्षर घेते. पण जोड झिजला, मळला की उसळणं लांबतं, आणि एका दाबाला दोन आकडे पडतात.

सरळ खाली जाण्यासाठी

स्पेसबार हे लांब बटण एका टोकाला दाबलं तर तिरकं व्हायला पाहिजे, पण चांगल्या कीबोर्डात होत नाही. त्याखाली एक वाकवलेली तार असते. एक टोक खाली गेलं की ती दुसऱ्या टोकालाही खाली ओढते. लॅपटॉपमध्ये जागा कमी, म्हणून तिथं प्रत्येक बटणाखाली कात्रीसारखे दोन प्लॅस्टिकचे हात एकमेकांत अडकवलेले असतात. घडीच्या स्टुलाचे पाय आठवा. त्यामुळे बटणाचा कोपरा दाबला तरी ते सपाटच खाली जातं.

दोन उदाहरणं, दोन धडे

१९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरच्या कीबोर्डात रबरी वाटी नव्हती. प्रत्येक बटणाखाली एक उभी स्प्रिंग होती. सायकलची तार उभी धरून वरून दाबली तर काही वेळ ती तग धरते आणि मग एकदम कडेला वाकते. ती स्प्रिंग तशीच वाकायची, खडखडीत आवाज यायचा आणि त्याच क्षणी अक्षर उमटायचं. आयबीएमचे अभियंता रिचर्ड हॅरिस यांची ही कल्पना. १९८५ साली आलेल्या ‘मॉडेल एम’ कीबोर्डातही तीच होती, आणि त्यातले कित्येक कीबोर्ड आजही चालू आहेत. वजनदार, महाग आणि आवाज करणारे, पण पावती पक्की.

दुसरं उदाहरण अ‍ॅपल कंपनीचं. २०१५ साली लॅपटॉप आणखी पातळ करायला तिने कात्रीऐवजी फुलपाखराच्या पंखांसारखा आधार बटणाखाली बसवला. बटण जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली जायचं. साध्या टेबलावरच्या कीबोर्डात हेच अंतर साडेतीन-चार मिलिमीटर असतं. एवढ्या कमी जागेत धुळीचा कण गेला तरी बटण अडकू लागलं, नाहीतर एकाच दाबाला दोनदा उमटू लागलं. तक्रारी वाढल्या, तेव्हा कंपनीने २०१८ साली फुकट दुरुस्तीची योजना काढली आणि २०१९ साली पुन्हा कात्रीचा आधार घेतला. ग्राहकांच्या दाव्यात २०२२ साली, चूक मान्य न करता, ५ कोटी डॉलरची तडजोड केली. वातानुकूलित खोलीत वापरायच्या महागड्या यंत्राला धूळ एवढी नडली. मग आपल्या गावच्या कार्यालयात, जिथं उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात ओल, तिथं काय होत असेल याचा विचार करा.

आपल्या हाताखालची बटणं

मतदान यंत्राचं निळं बटण तुम्ही दाबलेलं आहे. दाबलं की लाल दिवा लागतो, लांब ‘पीं’ वाजतं आणि शेजारच्या यंत्राच्या काचेत चिठ्ठी ७ सेकंद दिसते. बोट, डोळा आणि कान अशा तिघांना पावती. पुन्हा कितीदा दाबलं तरी मत एकच पडतं. म्हाताऱ्या माणसालाही ते यंत्र जमतं, ते उगाच नाही.

विहिरीवरच्या स्टार्टरची बटणं बघा. जुन्या पद्धतीचं बटण आत जातं, स्प्रिंग त्याला बाहेर काढते, अंधारात हाताला कळतं. नव्या काही पॅनलवर सपाट प्लॅस्टिकची चादर असते. तिच्या खाली धातूची टिकली असेल तर ‘टिक’ जाणवतं, नसेल तर दाबलं की नाही हे कळतच नाही. पॅनल घेताना हे बोटाने तपासून घ्या. बंद करायचं लाल बटण न बघता सापडलं पाहिजे. आणि ओल्या हाताने कुठल्याही स्टार्टरला हात लावू नका, हे वेगळं सांगायला नको.

मोबाइलची काच तर दबतच नाही. म्हणून फोन छोटी थरथर देऊन पावतीची नक्कल करतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि क्षेत्राचे आकडे शेतकऱ्यालाच बांधावर उभं राहून काचेवर भरायची वेळ आली. बोट ओलं किंवा चिखलाने भरलेलं असेल तर काच भलताच आकडा घेते. फोनच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये कंपन चालू करा, हात पुसा, आणि पाठवण्याआधी आकडा मोठ्याने वाचा.

घेताना आणि वापरताना

ग्रामसेवक, सोसायटीचे सचिव आणि केंद्रचालक यांनी एवढं करावं:

१. दुकानात डोळे मिटून बटण हळू दाबा. ‘टक्’ स्पष्ट जाणवतं का, बोट उचलताच बटण वर येतं का, बघा. नंतर कोपऱ्यावर दाबा. घासलं किंवा अडकलं तर परत ठेवा.

२. एफ आणि जे या बटणांवर, तसंच आकड्यांच्या भागातल्या ५ वर, बोटाला लागणारी उंच खूण हवी. इन्स्क्रिप्टने मराठी टाइप करणाऱ्याला ऱ्हस्व वेलांटी आणि ‘र’ त्याच खुणांवर सापडतात.

३. दर सोमवारी कोऱ्या पानावर १ ते ० प्रत्येक आकडा दहा-दहा वेळा दाबून मोजा. नऊ किंवा अकरा आले तर तो कीबोर्ड आकड्यांच्या कामाला वापरू नका.

४. एखादं बटण दिवसाला हजार वेळा दाबलं, तरी वर्षात ३०० दिवसांचे ३ लाख दाब होतात. साध्या रबरी कीबोर्डचा दावाही निदान ५० लाख दाबांचा असतो. म्हणजे दाबून दाबून बटण सहसा मरत नाही. त्याला मारतात धूळ, ओल आणि गोड चहा. रोज काम संपल्यावर कापड झाका. आठवड्यातून एकदा वायर काढून कीबोर्ड पालथा करा, हलकेच थापटा, रंगकामाच्या कोरड्या ब्रशने फटी साफ करा. अडकलेल्या बटणाला तेल सोडू नका. तेलावर धूळ आणखी बसते.

५. चहा सांडला तर आधी वायर काढा, कीबोर्ड पालथा ठेवा आणि पूर्ण वाळेपर्यंत जोडू नका.

साधा नवा कीबोर्ड काही शे रुपयांत येतो. चुकलेला गट नंबर दुरुस्त करायला शेतकऱ्याची दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचं भाडं जातं, आणि मुदत टळली तर अख्खा हंगाम जातो. म्हणून शेतकरी बंधूंनो, अर्ज भरून झाल्यावर खुर्चीवरून लगेच उठू नका. ‘साहेब, नंबर वाचून दाखवा,’ असं म्हणा. आणि वाचताना एखादा आकडा दोनदा उमटलेला दिसला, तर त्या बटणावर स्वतः बोट ठेवून बघा.