चाकांवरचं बिऱ्हाड

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ असं आपण म्हणतो ते जरा कीव करूनच. आज इथं, उद्या तिथं, धड घरदार नाही, अशा माणसाबद्दल ते बोललं जातं. अमेरिकेत मात्र उन्हाळा लागला की चांगली घरंदारं असलेली माणसं हौसेनं बिऱ्हाड चाकांवर घालून बाहेर पडतात. झोपायला पलंग, स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज, न्हाणीघर, संडास, सारं त्या गाडीतच. अशा वाहनाला तिथं ‘रिक्रिएशनल व्हेईकल’ म्हणतात, म्हणजे सहलीसाठीचं वाहन. बोलताना सगळे नुसतं ‘आरव्ही’ म्हणतात.

आपल्याकडचे कितीतरी आईवडील मुलांना भेटायला अमेरिकेत जातात. ‘या वेळी आरव्ही भाड्यानं घेऊन यलोस्टोनला जाऊ या,’ असा बेत मुलगा किंवा सून ठरवते. इकडे महाराष्ट्र सरकारनंही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. त्यामुळे या वाहनांचे प्रकार ओळखता येणं ही आता केवळ कुतूहलाची बाब राहिलेली नाही. पैसे भरण्याआधी आणि म्हाताऱ्या माणसांना व लहान मुलांना आत बसवण्याआधी, आपण काय घेतो आहोत हे कळायला हवं.

प्रकारांची नावं बरीच आहेत आणि ऐकून गोंधळ होतो. पण एक प्रश्न मनाशी धरला की सगळं सरळ होतं. या घराचं ओझं कोणाच्या पाठीवर आहे? जमिनीवरच्या घरात पलंग, कपाट, पाणी यांचं वजन आपण कधी मोजत नाही. घर चाकांवर चढलं की प्रत्येक सोय हे वजन होतं, आणि ते इंजिनाला ओढावं, चाकांना पेलावं आणि ब्रेकला थांबवावं लागतं. आरव्हीचे सगळे प्रकार म्हणजे हे ओझं वाहण्याच्या वेगवेगळ्या रीती आहेत.

सुरुवात घोड्यांपासून झाली. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश नौदलात काम केलेले डॉक्टर. त्यांनी १८८५ साली केवळ भटकंतीसाठी एक घोडागाडी बांधून घेतली. तिचं नाव ‘वाँडरर’. हौसेच्या प्रवासासाठी बांधलेली ही पहिली कॅरॅव्हॅन मानतात. कॅरॅव्हॅन हा शब्द मुळात फारसीतल्या ‘कारवाँ’चा, म्हणजे आपल्या चांगल्या ओळखीचा. पुढं घोडे गेले आणि मोटार आली. १९१० साली अमेरिकेत पिअर्स-अॅरो कंपनीनं ‘टूरिंग लँडो’ ही गाडी प्रदर्शनात मांडली, तिच्या मागच्या आसनाचा पलंग होत असे. तेव्हापासून दोन वाटा झाल्या. एका वाटेनं घर आणि इंजिन एकाच गाडीत आले. दुसऱ्या वाटेनं घर वेगळं राहिलं आणि मोटारीनं ते ओढायचं असं ठरलं. ब्रिटनमध्ये पहिलीला मोटरहोम आणि दुसरीला कॅरॅव्हॅन म्हणतात. अमेरिकेत दोन्ही आरव्हीच.

आधी मोटरहोम पाहू. अमेरिकेत त्यांचे ए, बी आणि सी असे तीन वर्ग आहेत. इथं पहिली गफलत होते. ए मोठी, बी मधली आणि सी लहान असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ए सर्वांत मोठी, बी सर्वांत लहान आणि सी मधली. हे वर्ग लांबीवरून पाडलेलेच नाहीत, गाडी कशावर बांधली आहे यावरून पाडले आहेत.

आपल्या एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत कारखान्यातून उघडी चॅसी यायची आणि तिच्यावर बसची बॉडी चढवली जायची. ए वर्गाचं तसंच आहे. ट्रकच्या किंवा बसच्या उघड्या चॅसीवर अख्खं घर उभं करतात. समोर सपाट मोठी काच, लांबी साधारण २५ ते ४५ फूट. काहींत पेट्रोलचं इंजिन पुढं असतं, तर मोठ्या गाड्यांत डिझेलचं इंजिन मागं असतं. मागं इंजिन असलं की चालवणाऱ्याला आवाज कमी येतो. आत जागा ऐसपैस. मुक्कामाला पोचल्यावर भिंतीचा काही भाग बटण दाबून बाहेर सरकतो आणि खोली रुंद होते. पण लिटरला तीन-चार किलोमीटरच्या पलीकडे सहसा जात नाही आणि गावातल्या अरुंद रस्त्यावर ते धूड वळवणं म्हणजे परीक्षाच.

बी वर्ग म्हणजे कॅम्पर व्हॅन. कंपनीची तयार व्हॅन घ्यायची, तिच्या पत्र्याला हात न लावता आतच पलंग, शेगडी आणि छोटं न्हाणीघर बसवायचं. युरोपात फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये वेस्टफालिया कंपनीनं १९५१पासून असे संसार मांडले, ते जगभर गाजले. ही गाडी साध्या मोटारीच्या सवयीनं चालवता येते आणि बाजारात कुठंही उभी करता येते. दोघांना उत्तम. चौघं असतील तर एकानं कूस बदलली की बाकीचे जागे होतात.

सी वर्ग या दोघांच्या मधला. इथं व्हॅनची पुढची केबिन तशीच ठेवतात आणि तिच्या मागच्या मोकळ्या चॅसीवर घराचा डबा बांधतात. हा डबा केबिनच्या टपावर पुढं आलेला असतो आणि त्यात एक पलंग असतो. मुलं त्या जागेवर हक्क सांगतात. अमेरिकेत सहलीसाठी भाड्यानं मिळणाऱ्या मोटरहोममध्ये हाच प्रकार फार दिसतो.

आता दुसरी वाट, ओढून न्यायच्या घरांची. यात इंजिन नसतं, म्हणून किंमत कमी. मुक्कामावर घर सोडून मोटार घेऊन फिरता येतं, हा मोठा फायदा. साधा प्रकार म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. तो गाडीच्या मागं कडीला अडकवतात. वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीचे अॅल्युमिनियमचे चकचकीत, गोलसर ट्रेलर याच जातीचे. १९६९ साली चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११च्या अंतराळवीरांना विलगीकरणात ठेवलं, ती खोलीसुद्धा एअरस्ट्रीमचाच ट्रेलर बदलून बनवलेली होती.

दुसरा प्रकार ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पाचवं चाक. जुन्या घोडागाडीत पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवं कडं बसवत, तेच हे पाचवं चाक. इथं ट्रेलरची मान उचलून पिकअप ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या जवळपास टेकवतात. त्यामुळे मोठा ट्रेलरही स्थिर चालतो. पण त्यासाठी पिकअपच लागतो, साध्या मोटारीचं ते काम नाही. याशिवाय तंबूसारखा उलगडणारा पॉप-अप ट्रेलर, फक्त झोपण्यापुरता थेंबाच्या आकाराचा टिअरड्रॉप आणि पिकअपच्या हौद्यात ठेवायचा ट्रक कॅम्पर असे छोटे प्रकार आहेत.

ट्रेलर ओढताना बैलगाडीचा नियम जसाच्या तसा लागू होतो. गाडीत भार मागं गेला की ती उलाळ होते, जू वर उचललं जातं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ट्रेलरमध्ये सामान मागं कोंबलं की तो डोलायला लागतो आणि वेग असेल तर पुढच्या मोटारीलाही झोकांडतो. म्हणून ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या कडीवर यावा असं सांगतात. आणखी एक गोष्ट. चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसं बसवायला अनेक राज्यांत मनाई आहे. ‘आजी मागं आडवी होईल’ हा विचार इथं चालत नाही. मोटरहोममध्ये माणसं बसतात, पण तिथंही पट्टा बांधूनच. गाडी धावत असताना ओट्यापाशी उभं राहून चहा करणं हे जाहिरातीतही नको.

आता घराच्या पोटात शिरू. बहुतेक मोठ्या आरव्हीत तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी न्हाणीच्या आणि भांड्यांच्या सांडपाण्याची, तिला ग्रे म्हणतात. तिसरी संडासाची, ती ब्लॅक. कॅम्पिंगच्या सुसज्ज जागी वीज, पाणी आणि मैल्याचा पाइप तिन्हींची जोडणी मिळते. रानात मुक्काम केला तर टाकीत आहे तेवढंच पाणी आणि बॅटरीत आहे तेवढीच वीज. मागच्या दोन टाक्या भरल्या की ठरवून दिलेल्या जागीच रिकाम्या करायच्या. हे काम नळी जोडून, हातमोजे घालून आपणच करायचं असतं.

पाण्याचं वजनही पाहा. चाळीस गॅलनची टाकी म्हणजे सुमारे दीडशे लिटर, म्हणजेच दीडशे किलो. दोन धडधाकट माणसं आणखी बसवल्यासारखं झालं. त्यात गॅस, जनरेटर, सायकली, तांदळाची पिशवी आणि चार बॅगा. अमेरिकेत मोटरहोममध्ये एक पट्टी चिकटवलेली असते. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. पाण्याची टाकी भरली तर त्यातलं किती वजन खर्ची पडतं, तेही दिलेलं असतं. गाडी बाहेरून चाळीस फुटी दिसली तरी हा आकडा अपेक्षेपेक्षा खूप कमी असू शकतो, कारण सोयींनी तो आधीच खाल्लेला असतो. वजन जास्त आणि टायरमध्ये हवा कमी असेल, तर टायर तापतो आणि फुटतो. दहा टनांच्या घराचा पुढचा टायर फुटणं ही साधी गोष्ट नव्हे.

दुसरा धोका दिसत नाही. शेगडी, पाणी तापवणं, पुष्कळदा फ्रिजसुद्धा प्रोपेन गॅसवर चालतो. वातानुकूलन चालवायला जनरेटर लावतात. बंद जागेत धूर शिरला किंवा ज्योत नीट जळाली नाही तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. म्हणून गाडी ताब्यात घेताना या वायूची सूचना देणारं यंत्र चालू आहे का, हे बटण दाबून स्वतः पाहावं. घर ऊबदार ठेवण्यासाठी शेगडी पेटवून झोपू नये आणि झोपताना जनरेटर बंद करावा.

प्रकार निवडताना रस्त्याचाही विचार हवा. माँटाना राज्यातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात ‘गोइंग-टू-द-सन’ नावाचा विलक्षण सुंदर घाटरस्ता आहे. त्याच्या डोंगराळ भागात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला प्रवेश नाही. तीस फुटी मोटरहोम घेऊन गेलेल्या कुटुंबाला ती खाली ठेवून दुसरं वाहन शोधावं लागतं. आपल्या घाटांतही हाच विवेक लागेल. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम जड घराला तर दुप्पट लागू आहे.

श्रोतेहो, हौसेची बाजू झाली, पण या गाड्यांची दुसरीही बाजू आहे. २००८च्या मंदीत अमेरिकेत अनेकांची घरं आणि साठवलेली पुंजी गेली. त्यांतली काही उतारवयातली माणसं व्हॅनमध्ये आणि जुन्या ट्रेलरमध्ये राहू लागली, हंगामी कामांच्या मागं राज्याराज्यांतून फिरू लागली. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ साली ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात त्यांची हकिगत लिहिली. त्यावरच्या क्लोई झाओ यांच्या चित्रपटाला २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. सहलीला गेलेल्याला पाणी संपलं तर गैरसोय होते. तिथंच राहणाऱ्याला रोज पाणी कुठं भरायचं, मैला कुठं टाकायचा आणि रात्री गाडी कुठं उभी केली तर कोणी हाकलणार नाही, हा जगण्याचा प्रश्न असतो. बरेच ट्रेलर मुळात वर्षातल्या काही आठवड्यांच्या वापरासाठीच बांधलेले असतात. भिंती पातळ, थंडीत नळ गोठतात. घर परवडत नाही म्हणून ‘स्वस्तातलं घर’ समजून आरव्ही घेणाऱ्यानं हे आधी जाणून घ्यावं.

मुलांनी सहलीचा बेत काढला तर त्यांना चार गोष्टी जरूर विचारा. माणसं किती आणि प्रत्येकाला पट्ट्याची जागा आहे का? भरलेल्या टाक्यांसकट वजन पट्टीवरच्या आकड्यात बसतं का? गाडीची उंची आणि लांबी किती, आणि आपल्या वाटेवरचे पूल, बोगदे, घाट तिला चालतात का? टाक्या कुठं भरायच्या आणि कुठं रिकाम्या करायच्या? ही उत्तरं मिळाली की ए घ्यायची, बी घ्यायची, सी घ्यायची की ट्रेलर, हे आपोआप ठरतं. बहुतेकदा पहिल्या सहलीसाठी मनात होती त्यापेक्षा लहान गाडी पुरते. उरलेल्या पैशांत दोन दिवस जास्त राहता येतं.