परसातलं खुराडं (लेखांक ४) : बसायची दांडी

छप्पर गळत नसलं तरी भोरच्या हिरडस मावळात किंवा वेल्ह्याच्या घाटमाथ्याकडच्या गावांत पावसाळाभर खुराड्याची जमीन कोरडी राहत नाही. ओल खालून येते आणि कोंबड्यांची रात्रभरची शिट तीत भर घालते. म्हणून दांडीचा प्रश्न मी उंचीचा मानत नाही, ओलीचा मानतो. रक्ती हगवणीचे जंतू शिटेतून बाहेर पडताच बाधत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली की दोनेक दिवसांत बाधायला तयार होतात. जमिनीवर झोपलेल्या कोंबडीचे पाय आणि छाती त्याच घाणीत असतात. दांडीवर बसली की घाण खाली राहते, सकाळी राख टाकून खरवडता येते.

यावर कुणी म्हणेल, डालग्याखाली झाकलेल्या कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या जगल्याच की! जगल्या, पण डालग्याखाली तीन-चारच असत आणि सकाळी ते उचललं की जागा झाडून निघे. गिरिराज किंवा वनराजाची पंधरा-वीस पिल्लं आणून वाढवणाऱ्याला हा हिशेब लागू पडत नाही. शिवाय उंचावर झोपणं हा कोंबडीचा मूळ स्वभाव. तिचे रानातले पूर्वज रात्री झाडावर चढतात, सह्याद्रीतली करडी रानकोंबडीही तेच करते.

मग दांडी आढ्यालाच का बांधू नये? मुंगूस, रानमांजर पोचणार नाही, असा यामागचा हिशेब. पण मुंगसाला अडवायचं काम दाराचं आणि जाळीचं. रानमांजर तर आढ्यावरही चढतं. गावरान कोंबडी हलकी, ती झेपावेल. वनराजासारखी जड जात उंचावरून उतरताना छातीचं हाड दुखावून घेते. तिला दीड-दोन फूट पुरे. दांड्या एकाच उंचीवर असाव्यात, नाहीतर वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी भांडण ठरलेलं.

युरोपीय संघाच्या १९९९च्या नियमात अंड्यावरच्या प्रत्येक कोंबडीला १५ सेंटिमीटर दांडी, दोन दांड्यांत ३० आणि भिंतीपासून २० सेंटिमीटर अंतर सांगितलं आहे. आपल्या जड कोंबड्यांना मी आठ इंच धरीन. म्हणजे सहा फुटी दांडीवर नऊ जणी, अठरा-वीस किलोंचा भार, तोही उडी मारून येणारा. बारीक मेसकाठी वाकते आणि हलत्या दांडीवर कोंबडी बसत नाही. मनगटाएवढा वासा घ्यावा, कडा रंध्याने गोल कराव्यात, मध्ये एक टेकू द्यावा. कळक स्वस्त आणि हाताशी असतो हे खरं. पण तो गुळगुळीत, आणि चिरला की फटीत गोचीड दिवसभर लपते, रात्री रक्त प्यायला बाहेर येते. वापरायचाच तर जाड, न चिरलेला घ्यावा आणि तोंडं मातीने लिंपावीत.

खिळ्याने ठोकलेली दांडी मात्र कितीही भक्कम असली तरी मला पसंत नाही. दोन खांबांना खाचा पाडून त्यांत ती नुसती बसवावी. उघडीप मिळाली की काढून उन्हात टाकता येते, खाचांत उकळतं पाणी ओतता येतं. दांडीची जागा पूर्वेच्या भिंतीकडे ठेवावी, कारण पावसाचं झोडपणं पश्चिमेकडून येतं. हवेची फटही पूर्वेलाच, पण बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर.