दख्खनचे समन्वेषण आणि नकाशालेखन

दख्खनच्या पठाराचे भौगोलिक समन्वेषण प्रामुख्याने नकाशालेखनाच्या मार्गाने झाले. अज्ञात समुद्र ओलांडून नव्या भूमीवर पाऊल ठेवणे हा समन्वेषणाचा रूढ अर्थ या प्रदेशास लागू पडत नाही. येथील गावे, घाट, किल्ले व बाजारपेठा स्थानिकांना शतकानुशतके परिचित होत्या. अज्ञान होते ते बाहेरून येणाऱ्यांचे. पश्चिम किनारा सोळाव्या शतकातच नकाशावर आला, पठाराचा अंतर्भाग मात्र एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत बव्हंशी अंदाजानेच रेखाटला जात होता. किनाऱ्यापासून सुमारे ३५० किलोमीटर आत, बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेले बीड जिल्ह्यातील धारूर हे अशा अंतर्भागाचे प्रातिनिधिक उदाहरण होय.

किनाऱ्याचे नकाशे

पोर्तुगीज दर्यावर्दी जुवाँव द कास्त्रो याने इ.स. १५३८–३९ मध्ये गोव्याहून दीवपर्यंत केलेल्या सफरीचे सागरी मार्गवर्णन लिहिले. त्यात दाभोळ, चौल आदी बंदरांची चित्रमय आरेखने असून पाण्याची खोली, खडक व बंदरात शिरण्याच्या वाटा यांची नोंद आहे. वसईनजीक होकायंत्राची सुई ढळते हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याचे कारण तेथील खडकांत असावे, असे अनुमान त्याने केले. जहाज वाचविणे हे या नकाशांचे प्रयोजन होते. त्यामुळे किनाऱ्यावरचा डोंगर खुणेपुरता दाखविला जाई. त्याच्या पलीकडे काय आहे, याच्याशी नाविकाला कर्तव्य नव्हते.

कोस व मजल

घाटमाथ्याच्या पूर्वेस प्रवासाचे मोजमाप कोसात आणि मजलांत होत असे. मजल म्हणजे एका दिवसाची वाटचाल. धारूरचा किल्ला आदिलशाहीतील सरदार किश्वरखान याने इ.स. १५६७ मध्ये बांधला. तीन बाजूंनी खोल दरी असलेला हा किल्ला इ.स. १६३१ मध्ये मोगलांनी जिंकला आणि त्याचे नाव फतेहाबाद ठेवले. त्या काळातील सैन्ये वाटाडे, हरकारे आणि मजलांचा हिशोब यांच्या आधारे चालत. जमिनीची मोजणीही अपरिचित नव्हती. मलिक अंबरची महसूलव्यवस्था प्रसिद्धच आहे. मात्र ही माहिती मुख्यतः दप्तरांत आणि माणसांच्या स्मरणात राही. प्रमाणबद्ध नकाशाची गरज त्या व्यवस्थेला फारशी भासली नाही.

युरोपीय नकाशाकारांनी हीच माहिती कागदावर उतरविण्याचा प्रयत्न केला. फ्रेंच भूगोलतज्ज्ञ दांव्हिल याने इ.स. १७५२ च्या आपल्या भारताच्या नकाशात खात्रीची माहिती नसलेली जागा कोरी सोडली. कल्पनेने डोंगर व नद्या भरण्याच्या तत्कालीन प्रथेच्या मानाने ही प्रामाणिक कोरी जागा अधिक मोलाची म्हणावी लागेल. जेम्स रेनेल याने इ.स. १७८२ मध्ये हिंदुस्थानचा नकाशा सिद्ध केला, तेव्हा प्रांतोप्रांती बदलणाऱ्या कोसाच्या लांबीचा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. कोसामागे एक दशांशाची चूक झाली, तरी शंभर कोसांवरचे गाव नकाशात दहा कोस सरकते. वाटेची वळणे व घाटांचे चढउतार यांमुळे ही चूक आणखी वाढते. निजामाकडील इंग्रजी फौजेबरोबर असलेल्या कॉलिन मॅकेंझीने अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात निजामाच्या मुलखाचे सर्वेक्षण केले. हाच मॅकेंझी पुढे इ.स. १८१५ मध्ये भारताचा पहिला महासर्वेक्षक झाला.

त्रिकोणांची साखळी

मार्गनोंदींतील ही साचत जाणारी चूक त्रिकोणीकरणाने आटोक्यात आली. या पद्धतीत प्रथम सपाट जमिनीवर एक पायारेषा अत्यंत काटेकोरपणे मोजतात. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीशी होणारे कोन थिओडोलाइट यंत्राने मोजले, की त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू गणिताने मिळतात. त्यांपैकी एक बाजू पुढील त्रिकोणाचा पाया होते. अशा रीतीने दोन शिखरांमधील जमीन पायी न मोजताही अंतर कळते. ठरावीक टप्प्यावर नवी पायारेषा प्रत्यक्ष मोजून गणिताचा पडताळा घेतात.

विल्यम लॅम्टन याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ पहिली पायारेषा मोजावयास घेतली. सुमारे १२ किलोमीटर लांबीच्या या रेषेच्या मोजणीस ५७ दिवस लागले. त्याचा थिओडोलाइट अर्धा टन वजनाचा होता. इ.स. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या शिखरावर चढविताना तो आपटून वाकला, तेव्हा लॅम्टनने स्वतः तंबूत बसून सुमारे सहा आठवड्यांत तो दुरुस्त केला. कन्याकुमारीजवळून ७८ अंश पूर्व रेखावृत्तालगत उत्तरेकडे निघालेली त्रिकोणांची ही साखळी इ.स. १८१५ मध्ये बीदरच्या परिसरात पोहोचली व तेथे नवी पायारेषा मोजली गेली. धारूर ७८ अंश रेखावृत्ताच्या पश्चिमेस सुमारे २०० किलोमीटरवर आहे. मुख्य साखळीपासून बाजूला असलेला असा मुलूख जोडण्यासाठी आडव्या मालिका लागतात. बीदरहून मुंबईच्या दिशेने जाणाऱ्या अशा मालिकेचे काम जॉर्ज एव्हरेस्टने इ.स. १८२२ मध्ये आरंभिले व पुढे ते इतरांनी चालविले.

या कामात हिवतापाचा उपद्रव भयंकर होता. पावसाळ्यानंतरची स्वच्छ हवा दूरची टेकडी दिसण्यास अनुकूल, पण तोच तापाचा हंगाम. इ.स. १८१९ मध्ये कृष्णा व गोदावरी यांच्या दरम्यानच्या अरण्यात एव्हरेस्ट व त्याच्या तुकडीतील बहुतेक माणसे आजारी पडली. त्याला हवापालटासाठी आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत जावे लागले. लॅम्टनचे निधन २० जानेवारी १८२३ रोजी नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट येथे झाले. त्याची कबर तेथेच आहे. शिखरांवर ध्वज व दिवे घेऊन उभे राहणारे खलाशी, झाडी तोडणारे मजूर आणि वाट दाखविणारे गावकरी यांच्याविना एकही त्रिकोण पुरा झाला नसता. तरीही सर्वेक्षणाच्या इतिहासात त्यांची नावे क्वचितच आढळतात. गणिती राधानाथ सिकदार यांच्यासारखे अपवाद मोजकेच.

ग्रामनामे

स्थान अचूक झाले तरी नाव अचूक राहिलेच असे नाही. रोमन लिपीत 'ळ' व 'ल', 'ण' व 'न', 'ड' व 'द' यांचा भेद सहसा दाखविला जात नाही. त्यामुळे मराठी ग्रामनामे इंग्रजी नकाशांत अर्धवट रूपात उतरली आणि पुढे त्याच रूपांवरून ती देवनागरीत परत लिहिली गेल्याने मूळ उच्चार हरवण्याचा धोका निर्माण झाला. स्थाननामांच्या अभ्यासकाने म्हणूनच जुन्या नकाशाबरोबर मोडी दप्तर व गावातील उच्चार यांचाही आधार घेणे आवश्यक ठरते.

शिवारापर्यंत मोजणी

त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने शिखरे जोडली. शेताचा बांध मोजण्याचे काम महसुली मोजणीने केले. मुंबई इलाख्यात विंगेट व गोल्डस्मिड यांनी इ.स. १८३५ नंतर इंदापूर भागापासून ही पद्धत रूढ केली. तिच्यातील शंकू साखळी ३३ फूट लांबीची असून तिचे १६ आणे पाडलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. धारूर इ.स. १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. या संस्थानाच्या मराठी भाषिक जिल्ह्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या धर्तीवर मोजणी झाली. वाटाड्याच्या स्मरणातील वाट चुकली तर मजल वाढत असे. मोजणीच्या नकाशातील रेघ चुकली, तर मात्र शेतकऱ्याला कचेरीत दाद मागावी लागे.

स्थलदर्शक नकाशे

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीनुसार धारूर ५६ बी/१ या स्थलदर्शक नकाशात येते. ७६ अंश पूर्व रेखावृत्त गावाच्या पश्चिमेस जेमतेम १३ किलोमीटरवर असल्याने पलीकडची गावे ४७ एन/१३ या निराळ्या नकाशात पडतात. परिसराचा अभ्यास करणाऱ्यास हे दोन्ही पत्रे जोडून पाहावे लागतात. सुरक्षेच्या कारणास्तव असे अनेक नकाशे दीर्घकाळ निर्बंधित होते. इ.स. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठी खुल्या नकाशांची स्वतंत्र मालिका निर्माण केली आणि फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय नागरिक व संस्था यांच्यासाठी नकाशे तयार करण्यावरील पूर्वपरवानगीची अट बव्हंशी काढून टाकली.