'मुक्त' आणि 'मोफत'

इंग्रजीतील 'फ्री' या शब्दात स्वातंत्र्य व विनामूल्यता हे दोन्ही अर्थ सामावतात; मराठीत 'मुक्त' आणि 'मोफत' हे शब्द पृथक् आहेत. १९९३ साली आरंभ झालेली 'डेबियन' ही संगणक-कार्यप्रणाली दोन्ही अर्थांनी 'फ्री' होय. तिची स्थापनाप्रक्रिया मराठीतही उपलब्ध आहे. परंतु जे घेणाऱ्यास मोफत, ते घडविणाऱ्यास विनाखर्च नसते. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील 'फॉसी' प्रकल्प शिक्षणक्षेत्रात मुक्त आज्ञावलींचा प्रसार करतो. तो केंद्र शासनाच्या अनुदानाने उभा राहिला. डेबियनची यंत्रसामग्री व संमेलने यांस मात्र देणग्यांचा मोठा आधार लागतो. म्हणून तिचा नित्य उपयोग करणाऱ्याने यथाशक्ति देणगी द्यावी, अथवा मराठी भाषांतराच्या कार्यात सहभागी व्हावे. 'मुक्त' या शब्दात हे उत्तरदायित्व अभिप्रेत आहे. 'मोफत' या शब्दात ते नाही.