हुडहुडी थांबली, पण ऊब आली का?

भूल समजून घेताना : लेखांक 9

गेल्या लेखांकात आपण पाठीतून दिल्या जाणाऱ्या भुलीची ओळख करून घेतली. आज त्याच ऑपरेशन टेबलापाशी थोडं थांबू.

सिझेरियन चालू आहे. बाळ रडलं, सिस्टरने ते आईला दाखवलं, आई हसली आणि तेवढ्यात तिचे दात वाजू लागले. बघता बघता हनुवटी, खांदे, हात सगळं थडथडू लागलं. "डॉक्टर, मला काय होतंय? ताप चढला का?" एवढं विचारतानाही तिची जीभ चावली जात होती. बोटाच्या चिमट्यातून दिसणारा ऑक्सिजनचा आकडा गायब झाला, ईसीजीची रेघ वेडीवाकडी झाली, रक्तदाबाचा पट्टा फुगला आणि आकडा न देताच पुन्हा फुगला. चादरीखाली तिचे पाय मात्र अगदी स्थिर होते.

ही हुडहुडी तापाची नव्हे. पाठीतून भूल दिलेल्या जवळपास निम्म्या पेशंटमध्ये ती कमीअधिक दिसते. आपलं शरीर छाती, पोट आणि डोक्यात साधारण 37 अंश सेल्सिअस तापमान जपतं; हातपाय त्याहून दोन-चार अंशांनी गार राहिले तरी त्याला चालतं. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळून शरीर हा फरक राखतं. भूल दिली की त्या सैलावतात, आतलं गरम रक्त हातापायांकडे वळतं आणि पहिल्या तासातच आतलं तापमान एक-दीड अंशाने उतरू शकतं. त्यात ओटीचा एसी, उघडं पोट आणि गार सलाईन यांची भर पडते.

मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हे तापमान सतत पाहत असतो. ते ठरावीक रेषेखाली गेलं की तो स्नायूंना कापायला लावतो, कारण कापणारे स्नायू उष्णता तयार करतात. कंबरेखालच्या बधिर स्नायूंपर्यंत त्याचा हुकूम पोचत नाही, म्हणून कापण्याचा सगळा भार वरच्या अंगावर येतो. पूर्ण भुलीत ही रेषाच बरीच खाली सरकलेली असते. शुद्ध येऊ लागली की ती पुन्हा वर येते. म्हणून ऑपरेशनभर शांत असलेला पेशंट रिकव्हरीत येताच कुडकुडू लागतो. क्वचित अंग गार नसतानाही, नुसत्या वेदनेनेही, कापरं भरतं.

हे कापणं शरीराला महागात पडतं. ऑक्सिजनची गरज दुप्पट-तिप्पट होऊ शकते. हृदयविकार असलेल्याला एवढा ताण झेपेलच असं नाही. ताजे टाके ओढले जातात, जखम ठणकते.

यासाठी आमच्या ट्रॉलीत औषधं असतात. पेथिडीन हे त्यातलं जुनं आणि खात्रीचं. 25 मिलिग्रॅम शिरेतून दिलं की काही मिनिटांत दात वाजायचे थांबतात. पण ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. त्यासाठी कुलूपबंद कपाट आणि मिलिग्रॅम-मिलिग्रॅमची नोंद लागते, त्यामुळे लहान दवाखान्यांत ते सहसा नसतं. म्हणून आपल्याकडे ट्रॅमाडॉलचा वापर फार. 2018 पासून तेही याच कायद्याखाली आलं आहे. डेक्समेडेटोमिडीन, क्लोनिडीन, उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन यांचाही उपयोग होतो. कापणं जिथे सुरू होतं ती रेषा खाली आणणं, हे यातल्या बहुतेक औषधांचं मुख्य काम.

मग आधीच सगळ्यांना एकेक डोस का देऊ नये? ट्रॅमाडॉलने मळमळ होते, आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांसोबत ते धोक्याचं ठरतं. डेक्समेडेटोमिडीनने नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, गुंगी येते. ज्या आईला आत्ता बाळाला छातीशी घ्यायचं आहे, तिला गुंगी कशाला? म्हणून प्रतिबंधक डोस माणूस पाहून ठरतो. हृदय कमजोर असलेल्याचा विचार आधी होतो.

पण यापेक्षा मोठं कारण मला एका सिस्टरने शिकवलं. नोकरीचं पहिलं वर्ष होतं. खुब्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा रिकव्हरीत कापत होते. मी ट्रॅमाडॉल दिलं, आजोबा शांत झाले, मी समाधानाने केसपेपर लिहायला बसले. सिस्टरने ब्लँकेटखाली हात घातला. "मॅडम, आजोबा गप झालेत, पण अंग बर्फासारखं आहे." तापमान घेतलं, 34.9. कापून ऊब मिळवण्याचा त्यांचा स्वतःचा मार्ग मी बंद केला होता आणि बदल्यात ऊब दिलीच नव्हती. म्हातारपणी हुडहुडी मुळातच कमी भरते, त्यामुळे गारठलेलं माणूस निवांत झोपल्यासारखं दिसतं. तेव्हापासून हातात सिरिंज घेण्याआधी मी थर्मामीटर घेते.

असा गारठा किती नडतो, हे आन्द्रेआ कुर्झ आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं. आतड्याचं ऑपरेशन झालेल्या 200 पेशंटपैकी ज्यांना उबदार ठेवलं त्यांच्यात जखमेचा संसर्ग 6 टक्के होता. जे गार पडले त्यांच्यात 19 टक्के. दोन्ही गटांच्या तापमानात फरक होता तो जेमतेम दोन अंशांचा.

म्हणून खरा प्रतिबंध भुलीच्या आधी सुरू होतो. अर्धा तास आधी गरम हवेचं ब्लँकेट घातलं की हातपाय तापतात आणि आतली ऊब तिकडे कमी धावते. सलाईन कोमट करून द्यावं, धुण्याचं पाणीही कोमट असावं, पेशंट ओला राहू नये, जेवढं लागेल तेवढंच अंग उघडावं. बाळंतिणीला ऊब हवी हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. शेक-शेगडी त्यासाठीच तर होती. औषध या सगळ्याच्या जोडीला असावं.

नातेवाइकांना एक कळकळीची विनंती. पेशंट कापतोय म्हणून बधिर पायांशी गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. चटका बसला तरी त्यांना कळत नाही, आणि फोड दुसऱ्या दिवशी दिसतात. त्याऐवजी सिस्टरना हाक मारा आणि "तापमान किती आहे?" असं विचारा. पेशंट असाल तर ऑपरेशनच्या आधीच सांगा, "मला थंडी वाजतेय." सुरू असलेल्या सगळ्या गोळ्याही सांगा. ही तक्रार किरकोळ नाही. आमचं निम्मं काम ती सोपं करते.

पुढच्या लेखांकात : भुलीनंतरची मळमळ आणि उलटी.